मेणकापडातलं यंत्र

पहिल्याच भेटीत मी तायफुरला शर्टाची बटणं काढायला लावली. तुर्कस्तानातल्या झोंगुल्दाकच्या कोळसा खाणीच्या तोंडाशी, पाळीवरच्या सगळ्या कामगारांदेखत.

"इंजिनिअरबाई, आधी नाव तरी विचारा!" तो म्हणाला.

सगळे फिदीफिदी हसले. मी नाही. विषारी वायू ओळखणारी आमची नवी यंत्रं मी तपासत होते. प्रत्येकाच्या कॉलरपाशी नळीतून जरासा वायू सोडला, की यंत्र किंचाळायचं. याच्या कॉलरला यंत्रच नव्हतं... गळ्यात ताईत होता. मेणकापडात शिवलेला, वर निळा मणी. आणि आत माझं यंत्र!

"आईनं शिवलंय. पाणी शिरू नये म्हणून. ताईत असाच शिवतात ना?"

"अरे शहाण्या, मग हवा कुठून शिरणार? या वायूला वास नाही, रंग नाही. झोपल्या झोपल्या जाशील!"

"काळजी वाटते तर..."

"यंत्राची," मी म्हणाले. साफ खोटं.

"आईच्या हातची शिवण मी उसवणार नाही."

मग मीही त्याला खाली सोडलं नाही. आठवडाभर तेच – रोज ताईत, रोज माझा नकार, रोज जाताना त्याची एक तिरकी नजर. मी मात्र सकाळपासून वाटेकडे डोळे लावून बसायचे.

शनिवारी मुकादम वैतागला. "सोमवारी याला यंत्राशिवायच उतरवतो!"

भर पावसात मी तायफुरचं घर गाठलं.

"अगं बाई! मागणी घालायला, कॉफी प्यायला मुलाकडचे मुलीच्या घरी जातात," त्याची आई म्हणाली. "तू उलटीच आलीस की!"

मी तिला सगळं समजावलं.

"याचा बाप धूर दिसत असूनही सोबत्यांना आणायला आत गेला, तो परत आलाच नाही," ती म्हणाली. "हे वाजल्यावर हा पळेल कशावरून?"

"मी वर उभी असेन, मावशी... माझं प्रेम आहे त्याच्यावर."

मागे चहाचे पेले खणखणले. तायफुर ट्रे घेऊन दारातच थांबला होता. कानापर्यंत लाल.

आईनं कात्री त्याच्यापुढे धरली. "ऐकलंस ना? काय ते हिला सांग."

त्यानं ट्रे खाली ठेवला, गळ्यातला ताईत काढला आणि कात्री घेतली.

"पळेन," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "बूट तिथेच टाकून पळेन."