तर्जनीचा चौकोन

करवतींना धार लावायचं माझं काम. सेंट जो नदीकाठच्या सॉमिलमध्ये, लाकूड कापायच्या गिरणीत, एकतीस वर्षं ते केलं आणि दहाच्या दहा बोटं घेऊन निवृत्त झालो. आमच्या गावात ही साधी गोष्ट नाही, महाराजा! मिलच्या फाटकासमोर नॉर्माची खानावळ आहे. तिथल्या भिंतीवर खिळ्यांची रांग आहे आणि दहा बोटांनी निवृत्त झालेल्या माणसाचा कॉफीचा मग तिथं टांगतात. चौदा मग आहेत. कडेचा निळा, त्यावर अर्व्हिड लिहिलेला, तो माझा. दुसऱ्या भांड्यात मी तिथं कॉफी घेत नाही. गर्व म्हणा हवं तर, पण मला त्या मगाचा होता.

हाल्वर ट्वीटला उजव्या हाताची तर्जनी नव्हती. मुळापासून गेलेली. पण म्हातारा भारी चक्रम. कुणी बोटावरून छेडलं की दोन्ही पंजे टेबलावर पसरायचा आणि म्हणायचा, "दहा आहेत. मोजून घ्या." आम्ही खो खो हसायचो. त्याचा तेवढाच एक विनोद, आणि त्यावर तो स्वतः कधी हसला नाही.

गेल्या वसंतात हाल्वर वारला आणि त्याची मशीनगन डेल्फाच्या बंदुकांच्या दुकानात विकायला आली. युद्धात कुणीतरी जर्मनीहून आणलेली, नोंद झालेली, कागद चोख. १९८६ च्या मे महिन्यानंतर नोंदलेली मशीनगन आम्हा खासगी माणसांना घेताच येत नाही. त्यामुळे जुन्या आहेत त्याच या हातातून त्या हातात फिरतात. माझ्याकडे कायदेशीर तीन आहेत. ही चौथी मला वीस वर्षं हवी होती. हाल्वर दाखवायचा, पण विकायचा नाही.

"लाळ गाळू नकोस तिच्यावर, गंज चढेल," डेल्फा म्हणाली. सत्तरीची बाई, तोंडानं फटकळ, पण कागदात एक टिंब चुकू देणार नाही. तिच्या दुकानात पुढे मासेमारीचे गळ आणि गांडुळं, मागे लोखंडी तिजोरी. सगळीकडे तेलाचा आणि ओल्या मातीचा वास.

बंदूक नावावर करायचा सरकारी अर्ज भरला. फोटो लावला. ठशांची दोन कार्डं घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर केली. बायको, लिओटा, मनगट धरून एकेक बोट शाईवरून फिरवत होती. "तीस वर्षं जपलीस, आता कामाला आली बघ," ती म्हणाली. दहाही ठसे स्वच्छ उमटले. मी भिंगातून पाहिले होते, म्हणून छातीठोक सांगतो.

मंजुरी येईपर्यंत बंदूक दुकानदाराच्या तिजोरीत राहते. आपलीच, पण घरी न्यायची नाही. आम्ही सगळेच मग भेटीला जातो. मी दर मंगळवारी जायचो. दस्त्याचं लाकूड मऊ झालं होतं आणि चाप एका ठिकाणी चकचकीत झिजला होता. तर्जनी तिथं नीट बसत नव्हती. बरोबर बसत होतं ते मधलं बोट. साहजिक आहे, म्हटलं, हाल्वरला तेच वापरावं लागत होतं.

सात आठवड्यांनी कार्डं परत आली. सोबत छापील चिठ्ठी: उजव्या तर्जनीचा चौकोन रिकामा आहे, बोट नसल्यास तसे नमूद करावे.

कार्ड पाहिलं. चौकोन खरंच कोरा होता. पुसट ठसा नाही, डाग नाही.

"शाई कमी पडली असेल," डेल्फा म्हणाली. "आण इकडे हात." तिनं बोट काळंकुट्ट केलं आणि कार्डावर फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा तिनं इतकं दाबलं की मी ओरडलो. "अगं बाई, मोडशील!" कार्ड कोरंच. मधल्या बोटाचा ठसा मात्र पहिल्या फटक्यात उमटला.

"वय झालं की रेषा झिजतात," ती म्हणाली. पण माझ्याकडे बघत नव्हती. तिनं कपाटातून हाल्वरची फाइल काढली. एक्क्याण्णव सालचं कार्ड. तोच चौकोन कोरा आणि त्यात हाल्वरच्या अक्षरात 'तुटलेले'. त्याच्या खाली आधीच्या मालकाच्या कार्डाची प्रत होती. तोही चौकोन कोरा, तोच शब्द.

"सॉमिलचा मुलूख आहे, अर्व्हिड. इथं लोकांची बोटं मोजायची नसतात."

"हाल्वर पोस्टात होता, डेल्फा."

ती गांडुळांच्या डब्यावरचं झाकण उगाच बसवत राहिली.

त्या आठवड्यात मला धड झोप नाही, धड जेवण नाही. सारखं बोट चोळत होतो, सुईनं टोचून बघत होतो. टोचत होतं, रक्तही येत होतं. इकडे बंदूक विकणारी हाल्वरची पुतणी घायकुतीला आली होती. पुन्हा कार्ड परत आलं तर बंदूक मोंटानाच्या एका माणसाला देईन म्हणाली. तो रोज फोन करत होता. वीस वर्षं! माझा जीव नुसता खालीवर होत होता.

अर्जाखाली सही असते, की लिहिलंय ते सगळं खरं आहे. मी जन्मात खोट्या कागदावर सही केलेली नाही. शुक्रवारी डेल्फाच्या टेबलावर बसलो, तर्जनी आणि अंगठ्यात पेन धरलं, आणि त्या चौकोनात लिहिलं, 'तुटलेले'. डेल्फा पाठ करून उभी होती.

मंजुरी नऊ दिवसांत आली. लोक महिनोन् महिने थांबतात.

भर दुपारी जुन्या दगडखाणीवर गेलो. डेल्फा सोबत होती. बंदूक खांद्याला लावली, तर्जनी चापावर ठेवली आणि दाबली.

चाप हलला नाही.

बोट समोर दिसत होतं. नखाच्या कडेला शाई होती. पण बोटाला लोखंड लागत नव्हतं, गार लागत नव्हतं, काहीच लागत नव्हतं.

"कसली नाटकं करतोयस?" डेल्फा मागून म्हणाली. "मधल्या बोटानं दाब की. नेहमीसारखं."

मी वळून पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

मधलं बोट त्या झिजलेल्या जागी अलगद बसलं. सगळ्या गोळ्या निशाणावर लागल्या.

तिथून तडक नॉर्माकडे गेलो. तिनं पांढऱ्या कपात कॉफी ओतली.

"माझा मग कुठाय?"

"कुठला मग?"

भिंतीवर तेरा होते. कडेच्या जागी खिळा नव्हता, खिळ्याचं भोकही नव्हतं. रंग सलग होता.

मी दोन्ही हात टेबलावर पसरले. मला सगळी बोटं दिसत होती, एकूण एक.

"दहा आहेत," मी म्हणालो. "मोजून घे."

नॉर्मा हसली. शेजारच्या टेबलावरचे मिलवाले हसले. "आता हाल्वरची गादी तुझ्याकडे का रे?" एकजण म्हणाला.

"आणि हा घेऊन जा बाबा," नॉर्मानं खणातून काहीतरी काढून माझ्यापुढे टाकलं. "गेल्या हिवाळ्यात विसरला होतास."

माझा उजवा हातमोजा. तर्जनीचं बोट मुळाशी कापून शिवून टाकलेलं. टाके लिओटाचे, हिरव्या दोऱ्याचे, धुऊन धुऊन फिके पडलेले.

मी तो हातात चढवला. कुठंच अडलं नाही.