डाव्या बाजूची निळी पट्टी

माझी नात अनुष्का दहावीला बसली, त्या वर्षी हे झालं. पेपर संपले होते, निकाल लागायचा होता. तारीख तेरा एप्रिल. जयंतीचा आदला दिवस.

जागा पोलादपूर. स्टँडच्या पुढं माझा मुलगा सुहास याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याची शेड.

यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही. अक्षरं मी चाळिशी उलटल्यावर शिकलो, त्यामुळं लांबण लावणं मला जमतही नाही. झालं तेवढं लिहितो.

आणि आधीच सांगतो. आम्ही बौद्ध माणसं. आमच्या घरात भूतखेत कुणी मानत नाही. विहारात पोरांना मी हेच वर्षानुवर्षं सांगत आलोय. म्हणूनच हे लिहिताना माझी चिडचिड होते.

मानत नाही. आणि विसरताही येत नाही.

माझा भाचा दीपेश मुंबईला पार्सल पोचवायचं काम करतो. जयंतीला सुट्टी काढून आला होता. दुसऱ्या दिवशी महाडला मोटरसायकलींची रॅली होती, आणि त्याला गाडीला निळ्या एलईडी पट्ट्या लावून हव्या होत्या. सीटखाली डावीकडं एक, उजवीकडं एक, इंजिनखाली एक.

गाडी त्याच्या वडिलांची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्यावर मागं बसायची ती दीपेशची आई, माझी थोरली बहीण प्रयागबाई. मी तिला आक्का म्हणायचो.

आक्काला एसटी लागायची. जीप लागायची. घाटाचं पहिलं वळण आलं की उलटी. या गाडीवर मात्र ती कुडपणच्या वाटेवरच्या आमच्या बौद्धवाडीपासून थेट महाडपर्यंत, एका बाजूला पाय सोडून निवांत बसायची. साडी चाकात जाऊ नये म्हणून डाव्या अंगाला लोखंडी साडीगार्ड होता. त्यालाच खाली पाय ठेवायला दुमडणारी पायरी. बसली की दीपेशच्या पाठीवर दोन थापा मारायची. म्हणजे, बसले, चल.

त्या दिवशी आक्का महाडच्या दवाखान्यात होती. अशक्तपणा आला होता, सलाइन लावलं होतं. दुपारी तिला घरी सोडणार होते. दीपेशनं सकाळी पट्ट्या लावून घ्यायच्या, मग महाडला जाऊन आईला आणायचं, असं ठरलं होतं.

सकाळचं काम. जेवणाची वेळ टळली तरी संपेना.

“आधी हा साडीगार्ड काढ,” आल्या आल्या दीपेश सुहासला म्हणाला होता. “पट्टी त्याच्यामागं लपते. लूकच जातो सगळा.”

“आणि आक्का पाय कुठं ठेवणार? तुझ्या लूकवर?” मी विचारलं.

“एक दिवस दोन्ही बाजूंना पाय टाकून बसंल ना ती, मामा.”

“साडी नेसून? ह्या वयात? तूच सांग तिला. मी लांब उभा राहून ऐकतो.”

सुहास हसला. पण गिऱ्हाईक म्हणेल तसं करायचं. त्यानं गार्ड काढला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

तिथून सगळं बिघडलं.

इंजिनखालची पट्टी लागली. उजवी लागली. डावी जोडली की फ्यूज उडायचा.

“वायर कुठंतरी बॉडीला लागतेय,” सुहास म्हणाला. टेप सोडली, वायर बोटाखालून काढली, परत गुंडाळली. फ्यूज उडाला.

मग पट्ट्यांची अदलाबदल केली. डावीकडची पट्टी उजवीकडं लावली. झकास पेटली. उजवीकडची डावीकडं लावली...

फट्.

“पट्टी खराब नाय. वायर खराब नाय. मग खराब हाय तरी काय?” सुहासनं पक्कड आपटली.

मी बॅटरी धरून वाकलो होतो, उजेडाची बॅटरी. कंबर गेली होती. डोक्यावर एप्रिलचा पत्रा तापलेला. दीपेश तेवढ्यात मोबाइलवर दुसऱ्या कुणाच्या गाडीचे फोटो दाखवत होता.

“त्याची बघ कशी पेटते.”

“मग त्याचीच घेऊन जा रॅलीला,” सुहास म्हणाला.

इतक्यात माझा फोन वाजला. उज्वला. दीपेशची बहीण, महाडलाच दिलेली. ती आईजवळ होती.

“मामा, निघालात का? आई पिशवी भरून, पलंगाच्या कडंला पाय सोडून बसलीय. आडवी हो म्हटलं तर ऐकत नाय.”

मग आक्कानंच फोन घेतला.

“चंद्या, गाडी निघाली का रे?”

“निघाली गो.”

“मग तो ठोकायचा आवाज कसला? ठोकत ठोकत येतेय का गाडी?”

दीपेश तोंडावर हात धरून हसला. “आई, अर्धाच तास.”

“तुझा अर्धा तास मला ठाऊक हाय. मला घरी जायचंय. नाय जमत तर तसं सांगा. मी माझी येते.”

फोन कट.

आम्ही तिघंही हसलो. तेव्हा हसलो.

सुहासनं मग गाडीची बॅटरीच काढली आणि स्टुलावर ठेवली. डाव्या बाजूला सगळी वायर नव्यानं टाकतो म्हणाला. आता गाडीत वीज नव्हती. पट्टीच्या वायरची सुटी टोकं माझ्या हातात होती.

शेडमध्ये शांत झालं.

फार शांत. रस्त्यावरून एक गाडी जाईना. पोलादपुरात भर दुपारी रस्त्याला आवाज नाही, असं मी कधी बघितलेलं नाही.

आणि मग...

टक्.

भिंतीला टेकवलेल्या गार्डची पायरी उघडली होती.

“स्प्रिंग सैल झालीय,” सुहास म्हणाला. उठला, पायरी दुमडली, परत बसला.

थोडा वेळ गेला...

टक्.

सुहास वैतागला. प्लास्टिकचा टाय घेतला आणि पायरी गार्डला आवळून टाकली. तो टाय एकदा आवळला की कापल्याशिवाय निघत नाही.

“आता उघड म्हणावं.”

आम्ही परत गाडीवर वाकलो...

टक्.

या वेळी कुणी लगेच मान वळवली नाही.

पायरी उघडी होती. टाय खाली पडला होता. मी उचलून बघितला. तुटला नव्हता. आवळलेला होता तसाच, गोल.

“बाबा,” सुहास हळूच म्हणाला. “पट्टी बघा.”

डावी पट्टी पेटली होती...

सगळी नाही. वीतभर. सीटच्या मागच्या भागाखाली, जिथं मागं बसणाऱ्या बाईचे गुडघे येतात, तेवढीच. फिकट निळी. ऊन पडलं म्हणून वाटत असेल, असं समजून मी वर हात आडवा धरला. हाताखाली निळा उजेड जास्तच उठून दिसला.

“बॅटरी?” दीपेशनं विचारलं.

“स्टुलावर हाय.”

“मग ही कशावर चालतेय?”

मला वास आला... भाजलेल्या मशेरीचा. आमच्या तिघांत मशेरी कुणी लावत नाही. लावायची ती आक्का.

मला भीती वाटली, असं लिहिलं तर खोटं होईल. मला राग आला. सकाळपासून एक काम धड होईना, तिकडं बहीण ताटकळत बसलेली, आणि इथं हा खेळ.

“पुरे झालं. लाव तो गार्ड!”

“मामा, पण लूक...”

“लूक घाल चुलीत! आक्का पाय सोडून बसलीय तिकडं.”

मी स्वतः पाना घेतला. गार्ड जागेवर बसवला, बोल्ट आवळले. सुहासनं सुटी टोकं होती तशी जोडली, बॅटरी ठेवली, चावी फिरवली.

तिन्ही पट्ट्या पेटल्या. फ्यूज शाबूत.

नवी वायर अजून टाकलीच नव्हती. वायरिंग तेच. सकाळपासून जे फ्यूज उडवत होतं, तेच.

सुहास हात पुसत राहिला.

दीपेशनं गाडी बाहेर काढली. तोंड महाडकडं केलं. किक मारली. सुरू झाली, आणि गियर टाकताच बंद पडली. परत किक, परत बंद. पेट्रोल होतं. प्लग साफ होता. सुहासनं सावलीत घेऊन बघावं म्हणून गाडी फिरवली. तोंड घाटाकडं झालं. त्यानं सहज किक मारली.

पहिल्या झटक्यात सुरू. गियरमध्येही चालू.

महाडकडं वळवली की बंद. घाटाकडं, घराकडं वळवली की चालू.

“आता हिला दिशापण कळायला लागली!” सुहास रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला.

“असू दे. जरा घाटाकडं एक राउंड मारतो. इंजिन गरम झालं की सुधरंल,” दीपेश म्हणाला आणि सीटवर बसला.

मी गाडीच्या पुढं उभा होतो. तो मान खाली घालून पट्ट्यांचा स्विच बघत होता...

गाडीचा मागचा भाग खाली बसला. टायर दबला. दोन्ही शॉकअप दबले. दुसरं माणूस बसल्यावर दबतात, तसे.

“मामा, थापा कशाला मारतोस?” दीपेश स्विचकडं बघतच म्हणाला. “तू पण येतोस का?”

मग त्यानं मान वर केली.

मला समोर पाहिलं. सुहास कडेला बसलेला पाहिला.

त्याचा चेहरा उतरला. पण क्लच सुटला होता. गाडी निघाली. मागं कुणीच नव्हतं, आणि गाडी भरल्यासारखी चालली होती.

राउंड मारायला गेलेला माणूस परत येईना.

दीपेशला फोन लावत राहिलो. घाटात रेंज नाही. तेवढ्यात उज्वलाचा फोन आला. आधी नुसतं रडणं. मग कळलं. आमच्याशी बोलून झाल्यावर ती औषधं आणायला खाली गेली होती. परत आली तर आक्का तशीच बसलेली, भिंतीला टेकून. डॉक्टरांनी हात धरून बघितला आणि सोडून दिला.

आमच्याशी बोलून झाल्यावर. म्हणजे पायरी पहिल्यांदा वाजली, त्या सुमाराला.

सुहास मिळेल त्या गाडीनं महाडला गेला. मी शेडमध्ये दीपेशची वाट बघत राहिलो. एकटा. मला महाडला जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. पोराला कुणी तरी सांगायला हवं होतं.

तो आला तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. गाडी हलकी चालत आली. पट्ट्या बंद होत्या.

“मामा, रागावू नको,” तो आधीच म्हणाला. “मी परत वळणारच होतो. पण मागं वजन होतं. मागं बघायचं धाडस नाय झालं. आणि कोण बसलं असलं तर त्याला मधेच कुठं उतरवायचं?”

“कुठवर गेलास?”

“घरापर्यंत. वळण आलं की आई माझा शर्ट मागून मुठीत धरते ना? तसा धरला होता. सगळा घाट.”

त्यानं पाठ फिरवली. शर्ट पाठीवर मुठीएवढा चुरगळला होता.

“अंगणात थांबलो आणि वजन उतरलं. दाराला कुलूप होतं, मामा. चावी माझ्या खिशात. मी तिथंच गाडीवर बसून होतो... आणि आतून आवाज आला. हंड्यावर झाकण ठेवल्यासारखा.”

मी स्टूल त्याच्याकडं सरकवलं.

“मी नाय उघडलं दार. उगाच उशीर नको म्हणून आलो परत. चल, आईला आणू. ती कावली असंल माझ्यावर.”

आणि मग मला त्याला सांगावं लागलं.

नंतर सुहासनं ती गाडी पूर्ण खोलली. एकेक वायर मीटरवर तपासली. काही सापडलं नाही. शेजारच्या माणसांनी नारळ सुचवला, उतारा सुचवला, मी त्यांना वाटेला लावलं. विहारात मी यातलं काही बोललेलो नाही. बोलणार तरी काय? लोक मला म्हणतील, चंदूदादा, तुम्हीसुद्धा? आणि त्यांचं बरोबर असेल.

वायरीत काही तरी असेल. स्प्रिंग सैल असेल. पोराच्या मनाचा खेळ असेल. एकेक गोष्ट मी समजावून घेतो, आणि रात्री सगळ्या परत एकत्र होतात.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे, आणि तिचा मला अजून राग येतो. मी त्या गाडीच्या पुढं उभा होतो. हातभर अंतरावर. तिच्यासाठी गार्ड माझ्या हातानं आवळला होता. पोराच्या पाठीवर तिनं दोन थापा मारल्या. माझ्यासमोरून बसून गेली, आणि मला एक शब्द बोलली नाही.

माझी थोरली बहीण प्रयागबाई तेरा एप्रिल दोन हजार चोवीस, शनिवारी दुपारी, महाडच्या दवाखान्यात वारली.