मोनिकाला बाहेर काढलं ती दुपार

ही घटना शंभर टक्के खरी आहे. ज्याला पटत नसेल त्याने संभाजीनगरला, मुकुंदवाडीत, शिवमच्या घरी चहाला जावं. त्याची बहीण मोनिका चहा फार छान करते.

तीच तर अडचण आहे.

मूळची मोनिका आळशी. तोंडाची फटकळ. हसली की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. गॅस कुठून पेटतो हेही तिला ठाऊक नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात शिवम आणि त्याचा बीएस्सीवाला दोस्त सम्यक यांनी शॉर्ट फिल्म काढायला घेतली. काळ्या झग्यातला फादर येतो, क्रॉस उगारतो, पोरीच्या अंगातला सैतान काढतो... तसली. रात्रीच्या शूटिंगला आईने साफ नाही म्हटलं. म्हणून भर दुपारी, आई औरंगपुऱ्यात खरेदीला गेलेली असताना, पोरांनी माडीवरच्या खोलीच्या खिडक्यांना गोधड्या टांगून रात्र केली.

मोनिका खाटेवर आडवी. तोंडाला पावडर, हात ओढणीने बांधलेले. सम्यकच्या अंगात मामाचा वकिली कोट. लॅटिन कुणालाच येत नव्हतं, पण सम्यकला झाडांची शास्त्रीय नावं पाठ होती. तेही लॅटिनच.

"मँगिफेरा इंडिका!" सम्यक गरजला. "अझाडिरॅक्टा इंडिका!"

"ए बारक्या, काय म्हणतोय हा?" मोनिकाने धाकट्या भावाला विचारलं.

"आंबा आणि कडुलिंब," शिवम म्हणाला.

मोनिका खाट हलेपर्यंत हसली. "ह्यानं सैतान नाय पळायचा, माळी पळत येईल!"

"ताई, गप पड ना. शेवटचं!"

शेवटच्या वेळी सम्यक डायलॉग विसरला. मनाचंच काहीतरी ओरडला, "या शरीरात जो कुणी असेल, त्यानं आत्ताच्या आत्ता बाहेर निघावं!"

मोनिकाचं हसू थांबलं.

एकदम... मध्येच.

मग जिन्यावर आवाज आला. अनवाणी पाय... सावकाश खाली उतरत गेले.

दाराला आतून कडी होती.

"झालं का?" खाटेवरून मोनिकाने विचारलं. बांधलेले हात तिने कधी सोडवले, कळलंच नाही. ओढणीची घडी मांडीवर होती. "दमला असाल दोघं. चहा टाकते."

सम्यक खिदळला. "च्यायला, खरंच उतरलं की काय भूत!"

शिवम हसला नाही.

पिक्चरमध्ये आत दोघं असतात. एक पोरगी, एक सैतान. मोनिकाच्या आत तर एकटी मोनिकाच होती.

मग बाहेर गेलं कोण?

आणि हे... आत आलं कोण?

त्या दिवसापासून ती त्याला "बारक्या" म्हणत नाही. "शिवम" म्हणते. हसायची वेळ आली की फक्त ओठ ताणते. आवाज येत नाही. तिचा मोबाईल तिच्या अंगठ्याने उघडत नाही.

शिवमने सम्यकला कोपऱ्यात घेतलं. "तिला परत बोलाव."

"कसं?" सम्यकचा चेहरा उतरला होता. "काढायचं माहितीये, भाऊ. परत घालायचं कुठल्याच पिक्चरमध्ये दाखवत नाय."

तरी त्यांनी करून बघितलं. आंबा, लिंब, वड, पिंपळ... येतील तेवढी झाडं झाली. ती मान खाली घालून ऐकत राहिली.

शेवटी म्हणाली, "अजून कुणी यायचंय का? इथं जागा नाही."

शिवम धावत आईकडे गेला. सगळं सांगितलं, सम्यकचं ते वाक्यसुद्धा. रडला.

आई भाजी निवडत होती. तिने एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली केला.

"कळलंय मला. आईला कळत नसतं व्हय?"

"मग?"

"मग काय? लई गुणाची हाय रं ती. पहाटं उठती, दळण आणती, उलटून बोलत नाय..." आईने एक शेंग मोडली. "असू दे."

शिवमने डोळे पुसले.

आई त्याच्याकडे बघत होती. वरपासून खालपर्यंत. बाजारात मेथीची जुडी बघावी तशी.

"तूच बघ तुझं वागणं."

आता शिवम पहाटे उठतो. अंथरुणाची घडी घालतो. उलट बोलत नाही.

आणि आई घरात असताना... खाटेवर कधीच आडवा पडत नाही.