कुंडातलं सार्वमत

पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम कुंडात त्या संध्याकाळी माणसं खांद्याला खांदा लावून बसली होती, आणि त्या गर्दीत एका अनोळखी माणसाचा पाय हेर्दिसच्या पायावर पडला.

"माफ कर," तो म्हणाला. पाय मात्र लगेच काढला नाही. विचार करून काढला.

तेव्हाच तिनं ओळखायला हवं होतं.

त्या दिवसांत राजधानी रेक्याविकमध्ये दुसरा विषय नव्हता. बँका बुडाल्या, देशाची अब्रू गेली, तेव्हा साध्या माणसांनी बसून नव्या राज्यघटनेचा मसुदा लिहिला होता आणि आता त्यावर सार्वमत होतं. गळ्यापर्यंत पाण्यात बुडालेली मंडळी एकेका कलमावरून तावातावानं भांडत. हेर्दिस बालवाडीत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी कुडकुडत मसुद्याची पत्रकं वाटायची. हा पायवाला, ओद्दुर, निघाला संसदेच्या कचेरीतला.

"मसुदा चांगलाच आहे," तो म्हणाला. "फक्त माशांच्या कलमात एक शब्द—"

"अख्खा समुद्र लोकांच्या मालकीचा होतोय आणि तुला शब्द टोचतोय?"

"टोचतात शब्द... तुझे तर फारच."

ती चिडली. दुसऱ्या दिवशी आपण नेमक्या त्याच वेळेला पुन्हा आलो, याचा तिला जास्त राग आला.

सार्वमत झालं. लोकांनी हो म्हटलं. पण तो नुसता सल्ला. मानायचा की नाही, ते संसदेच्या हातात. संसदेनं हिवाळाभर घोळ घातला. समिती, अहवाल, पुन्हा समिती. ओद्दुरचंही तेच. तो तिला घरापर्यंत सोडायचा, तिची लोकरीची टोपी कानांवर नीट ओढायचा, काहीतरी सांगायला तोंड उघडायचा... आणि वाऱ्याविषयी बोलून निघून जायचा. हेर्दिस अगदी मेटाकुटीला आली.

हिवाळा सरता सरता संसदेनं मसुदा तसाच ठेवून अधिवेशन गुंडाळलं. त्याच आठवड्यात हेर्दिसला नॉर्वेतल्या एका शाळेतून बोलावणं आलं.

"उद्या कळवायचंय," तिनं कुंडात सांगितलं. सांगितलं सगळ्यांना, बघितलं एकाकडे.

ओद्दुरनं घसा खाकरला. "मी... विचार करतोय. हिला राहा म्हणावं का?"

"आम्हाला विचारतोस?" म्हातारा खलाशी सिगवाल्दी म्हणाला.

"मतं ऐकून घ्यायला काय हरकत आहे?"

"मग घेऊनच टाकू. हिला राहा म्हणावं, असं कोणाकोणाला वाटतं?"

गरम पाण्यातून एकेक हात बाहेर आला आणि बोचऱ्या वाऱ्यात वाफाळू लागला. मसुद्याला कडाडून विरोध करणारी दातांची डॉक्टर ग्रेता, तिचाही.

"घटनेला माझा विरोध होता," ती म्हणाली. "याला नाही."

ओद्दुरनं सगळ्या हातांकडे नीट पाहिलं. "आभारी आहे. मी यावर नक्की विचार करेन."

हेर्दिस उभीच राहिली.

"बस झालं. संसदेनं रडवलं, ते देशाचं होतं, सोसलं. आता तू नको. मला तू आवडतोस, गाढवा! पण टेबलावर पडून राहायला मी काही मसुदा नाही."

ती अनवाणीच बर्फाळ फरशीवरून तरातरा गेली आणि बायकांच्या खोलीचं दार लावून घेतलं. मागोमाग धपधप पावलं आली.

"हेर्दिस... राहा." दाराबाहेर त्याचे दात वाजत होते. "कोणाचं मत म्हणून नाही. माझं म्हणणं आहे. मला तुझ्याशिवाय करमत नाही. राहा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण इतक्या स्वस्तात ती सोडणार नव्हती.

"विचार करते," ती म्हणाली.

मग तिनं सावकाश आंघोळ केली, केस पुसले, कपडे चढवले, टोपी घातली आणि दार उघडलं. ओद्दुर तिथंच उभा होता, ओल्या चड्डीवर, ओठ निळे पडलेला, केसांत बर्फ.

"कुंडात जाऊन बसायचं ना!"

"उत्तर ऐकल्याशिवाय... नाही."

त्याच्या मागं सगळं कुंड माना उंचावून बघत होतं. हेर्दिसनं आपली टोपी काढली आणि त्याच्या दोन्ही कानांवर नीट ओढली.

"राहते," ती म्हणाली. "आणि हा सल्ला नाही."