मोडवाक्य

चंद्राच्या पोटात खणलेल्या कांचनविवर वस्तीत सिद्धान्त मोडला की लोक टाळ्या वाजवत. कुणाचाही असो, हातातलं काम टाकून टाळ्या! चूक कळली म्हणजे पुढचे जीव वाचले, असा त्यांचा सरळ हिशेब. आणि सिद्धान्त वापरण्याआधी शास्त्रज्ञाने त्याचं मोडवाक्य मोठ्याने म्हणायचं, हाही तिथला रिवाज. काय घडलं तर माझा सिद्धान्त खोटा ठरेल, ते सांगणारं वाक्य म्हणजे मोडवाक्य.

त्या दिवशी टोकाच्या भुयाराला धक्का बसला. भागवत लोंढेचा पाय दगडाखाली अडकला. त्याची बायको कुसुम हवाबंद दाराशी धावत आली, तेव्हा कंपतज्ज्ञ डॉ. इरावती कोरगावकरांनी कुलूप नुकतंच फिरवलं होतं. भुयार कोसळून वस्तीची हवा जाऊ नये म्हणून ते लावत. एकदा लावलं की दोन तास कुणालाच उघडता येत नसे.

"अहो बाई, हे काय केलंत! रेडिओवर बोलतायत ते. दोन माणसं गेली तरी दगड हलेल!"

"कुसुमताई, पहिल्या धक्क्यानंतर दोन तासांत दुसरा येतो आणि छत खाली आणतो. जुळ्या धक्क्यांचा सिद्धान्त आहे हा."

"सिद्धान्त! म्हणजे तुमचा अंदाजच ना?"

"नाही हो. अंदाज मला एका दुपारी सुचला होता. मग तो खोटा पाडायला आम्ही सगळे वर्षानुवर्षं जिवाचं रान करत होतो. प्रत्येक धक्क्याला, प्रत्येक भुयारात. तरी टिकला, म्हणून सिद्धान्त."

"मग मोडवाक्य कुठंय? आधी म्हणायचं असतं ना ते?"

इरावतीबाईंची मान खाली गेली. मागच्या खेपेला त्यांनी ते आधीच म्हटलं होतं. ते ऐकून अडकलेल्या माणसाचा भाऊ "मग आजच मोडेल!" म्हणत आत धावला आणि दुसऱ्या धक्क्यात दोघंही दगावले. तेव्हाच बाईंनी ठरवलं होतं, आधी कुलूप, मग वाक्य.

"एकदा जरी दुसरा धक्का आला नाही," त्या कशाबशा म्हणाल्या, "तर माझा सिद्धान्त खोटा."

"आणि त्यांच्या पोशाखात हवा किती?"

"तासाभराची."

कुसुम दार बडवू लागली. रेडिओवर भागवत म्हणाला, "घाबरू नकोस गं. बाई उगाच नाही दार लावायच्या." तास सरत आला तसा त्याचा आवाज जड झाला, मग थांबलाच.

इरावतीबाई भिंतीला हात लावून उभ्या होत्या. जन्मभर हा सिद्धान्त मोडू पाहणारी बाई आता मनात म्हणत होती, येऊ दे रे देवा, धक्का येऊ दे. आपण हे काय मागतोय, ते कळून त्यांना स्वतःचीच किळस आली. तरी त्या मागतच राहिल्या.

धक्का आला नाही. दोन तास भरले, दार उघडलं. छत जसंच्या तसं होतं.

धक्के नोंदवणाऱ्या यंत्रखोलीतल्या लोकांनी फक्त पडद्यावरची सपाट रेघ पाहिली, दुसरा धक्का आलाच नव्हता. तिकडून टाळ्या सुरू झाल्या, मग शेजारच्या भुयारातून, मग सगळ्या वस्तीतून. भागवतचं डोकं मांडीवर घेऊन कुसुम त्या ऐकत होती.