उसने डोळे

ही गोष्ट मी कुणालाही सांगायची नाही, असं ठरलं होतं. बशीर चच्चांनी आम्हा सगळ्यांकडून तसं कबूल करून घेतलं, माझ्याकडून तर दोनदा. कारण जिची ही गोष्ट आहे, ती तमन्ना शाळेत माझ्याच बाकावर बसते. मी फारशी बोलत नाही. म्हणून लिहिते आहे.

मागच्या शनिवारी शहाद्यात आठ वाजताच लाइट गेली. आम्ही गच्चीवर चटया टाकल्या. चच्चा पूर्वी लग्नांचं शूटिंग करायचे आणि त्यांचे दोस्त जाहिदभाई, म्हणजे तमन्नाचे अब्बू, फोटोंच्या डीव्हीडी बनवायचे.

"सन दोन हजार चौदा. मे की आठ तारीख, जुमेरात," चच्चांनी सुरुवात केली.

"चच्चा, भूत फुल एचडी में था क्या?" माझा भाऊ सकलैन म्हणाला.

"डीव्हीडी में एचडी नै होता, गधे. चुप बैठ."

पुढचं मी मराठीत लिहिते.

त्या दिवशी सकाळी धडगावकडच्या एका पाड्यावरून दलसिंग नावाचा माणूस जाहिदभाईंच्या दुकानात आला. तो ऊसतोडीला गुजरातेत होता, तेव्हा त्याची पाच वर्षांची निशा तापाने गेली. निरोप पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याने मोबाइलमधून तिचे दहा फोटो आणले होते.

"भाऊ, मी तिले शेवटलं देखं नही," तो म्हणाला. "टीव्हीवर मोठी करी द्या."

नऊ फोटो या फोनमधून त्या फोनमध्ये फिरून बारीक झालेले. मोठे केले की चेहऱ्याचे नुसते चौकोन. दहावा एका मास्तरांनी चांगल्या कॅमेऱ्याने काढलेला. त्यात पापणीचा केससुद्धा मोजता येत होता. पण तो ती गेल्यानंतरचा होता. डोळे मिटलेले.

"डोया उघाडी द्या," दलसिंग म्हणाला. "ती मन्हाकडे देखाले पाहिजे."

मयताच्या फोटोतले डोळे उघडून देणं स्टुडिओवाल्यांना नवीन नाही. दुसऱ्या कुणाचे तरी कापून बसवतात. जाहिदभाईंनी लग्नांच्या फोटोंतली मुलं शोधली. सगळी पळणारी, हललेली. तसे डोळे बसवले तर टीव्हीवर डाग दिसले असते. स्वच्छ फोटो एकच होता. शाळेच्या दाखल्यासाठी त्यांनी तमन्नाचा खिडकीच्या उजेडात काढलेला. तीही पाच वर्षांचीच.

तमन्नाची अम्मी, हाजराबी चाची, चहा घेऊन आल्या आणि पडद्याकडे बघून थांबल्या.

"जीती बच्ची की आँखां उसको मत लगाओ जी."

"फोटू है. किडनी थोडी निकाल रा मैं," जाहिदभाई हसले.

त्यांनी काम मन लावून केलं. गाणी नाहीत, फुलं-पाखरं नाहीत. फोटो कमी, म्हणजे डिस्कवर चित्र चांगलं उतरतं. प्रत्येक फोटो सहा सेकंद. शेवटचा मात्र थांबवून ठेवलेला. रिमोट दाबेपर्यंत निशा बापाकडे बघत राहील, असा. दुपारच्या जीपने दलसिंग डिस्क घेऊन गेला.

रात्री पावणेअकरा. जाहिदभाई दुकानात लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करत होते. मागच्या घरातून तमन्नाची हाक आली.

"अब्बू, ये लोगां कौन है?"

ते आत गेले. ट्यूब चालू होती. तमन्ना खाटेवर बसली होती. डोळे उघडे.

"कौन लोगां, बेटा?"

"ये सब. नीचे बैठे. मेरेको देख रे." मग म्हणाली, "वो सुबह दुकान में आए सो अंकल बी है. रो रे."

जाहिदभाईंनी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. पापणी लवली नाही.

जाहिदभाईंचा फोन आला आणि साडेअकराला चच्चा तिथे पोहोचले. डोळ्यांना पाणी लावलं. हाजराबी दुआ पढत होत्या. दलसिंगचा फोन लागत नव्हता. घाटावर रेंज नाही. काँप्युटरवरून तो फोटो पुसून टाकला. काही फरक पडला नाही. डिस्क वर होती. डोंगरात. आणि तिथे कुणीतरी रिमोट दाबायला हवा होता.

बारा.

एक.

"एक औरत पास आई," तमन्ना म्हणाली. "मेरी आँख को हात लगा री..."

तिने डोळा चोळला.

दोन.

"अब्बू... तुम किधर है?"

जाहिदभाईंनी तिला मांडीवर घेतलं होतं.



तीन वाजून दहा मिनिटं. "अंधेरा हो गया," ती म्हणाली. बहुतेक वर लाइट गेली असेल. मग तिने मान वळवली. "अब्बू. दिख रे तुम."

उजाडताच दोघं मोटरसायकलवर निघाले. पाड्यावर पोहोचले तेव्हा दलसिंगची बायको नानीबाई दारातच उभी होती. डिस्क तिच्या हातात होती. जाहिदभाईंनी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "रातले ती बोलनी. अब्बू म्हने. आमनामा बापले कोणी अब्बू म्हनत नही." तिने डिस्क पुढे केली. "हाई मन्ही पोर नही. लई जा."

दलसिंग मागे उभा होता. अजून रिमोट धरून.

"आते मी तिले कोठे देखू?" त्याने विचारलं.

जाहिदभाईंनी डिस्क घेतली आणि मोटरसायकलला किक मारली. 

डिस्कचे तुकडे गोमाई नदीत टाकले. जाहिदभाईंनी दुकान बंद केलं. तमन्नाला त्यातलं काही आठवत नाही. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

चच्चांची गोष्ट इथे संपली.  पण पुढचं मी स्वतः बघितलं आहे.

परवा दहावीच्या फॉर्मसाठी शाळेत फोटो काढले. सरांनी तमन्नाचे अकरा फोटो काढले. "डोळे उघड ना, बेटा," ते शेवटी वैतागले.

"उघडेच आहेत, सर."

मी शेजारीच उभी होते. खरंच उघडे होते. सरांच्या मोबाइलवर मात्र अकराही फोटोंत मिटलेले. बाकी फोटो एकदम स्वच्छ. पापणीचा केसन् केस दिसत होता.

"कैसी दिखती मैं उसमें?" तमन्नाने मला हळूच विचारलं.

 तिला कसं सांगणार, की त्या फोटोत ती अगदी...

अम्मी जिन्यातून हाक मारते आहे. खाली तमन्ना आली आहे म्हणे, आणि तिला माझ्याबरोबर एक सेल्फी हवा आहे, डोळे उघडे असलेला.