चौथ्या घरातली पट्टी

चष्मेवाला पहिल्यांदा त्या दुकानात शिरला तो चुकून. त्याला हवा होता कुलूपवाला. समोर दिसला ॲकॉर्डियन खोलून बसलेला एक मामा आणि बारीक कानस हातात धरलेली त्याची भाची. तिला पाहून त्याला घरचा बिघडलेला माउथ ऑर्गन आठवला, आणि दुसऱ्या दिवशी तो घेऊन हजर.

चौथ्या घरातल्या पितळी पट्टीचा सूर उतरला होता. दुसऱ्याच्या वाद्याला तोंड लावायचं नाही हा मामाचा दंडक, म्हणून तिने त्यालाच फुंकायला लावलं. पट्टीच्या टोकाशी चार वेळा कानस फिरवली, सूर मापायच्या यंत्राचा काटा मधोमध आला. झालं काम.

आठ दिवसांनी स्वारी परत. घरी सूर चढा लागतो म्हणे. दुकानात फुंकला तर काटा बरोब्बर मधोमध. तिने त्याला कान तपासून घ्यायला सांगितलं आणि तो निमूटपणे गेला... पण तिसऱ्या खेपेला घरचं रेकॉर्डिंगच घेऊन आला. सूर खरंच चढा होता.

आता मात्र तिला चैन पडेना. सहा गल्ल्यांच्या अंतरात पितळ कसं बदलेल? थंडी, ओलावा, सगळं विचारून झालं. शेवटी ती म्हणाली, "जोरात फुंकलं की सूर जरा उतरतो. घरी फुंकता तसं फुंका."

"तसंच फुंकतोय."

त्याला फुंकत ठेवून ती यंत्र घेऊन पडद्याआड गेली. काटा चढला. बाहेर आली — काटा खाली. पुन्हा आत — पुन्हा वर. मामाला एकाएकी बाहेरचं काम आठवलं आणि त्याने चपला सरकवल्या.

"मी समोर असले की तुमचा श्वास जोरात सुटतो," ती म्हणाली. म्हटल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं.

तो खाली बघत राहिला. "चष्म्याचे नंबर काढताना दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हेच माझं काम. कधी काही होत नाही... इथेच होतं."

तिला ते ऐकायला आवडलं. फार आवडलं. पण जुनी पट्टी झिजून कागदासारखी झाली होती. आणखी एकदाच कानस सोसेल, तिने सांगितलं, नंतर तुटेल. सूर उतरवायला तिने कानस पट्टीच्या मुळाशी टेकवली. घरच्या श्वासाला जुळवली की तक्रार संपली, आणि येणंही संपलं. तिचा हात काही केल्या हलेना.

"नका घासू," तो म्हणाला. "इथे बरोबर वाजतोय ना? मग मी इथेच वाजवीन."

"आणि माझी सवय झाली, श्वास शांत झाला तर? इथेही चढेल."

"मग ते शेवटचं घासणं तेव्हासाठी ठेवा."

तिने कानस डब्यात टाकली, झाकण लावलं आणि स्टूल ओढून त्याच्या अगदी समोर बसली.

"फुंक आता," ती म्हणाली.

काटा पार तळाला गेला.